आधी खेळून बघू

खिशातले पैसे खिशातच राहू द्या. तारीख १० डिसेंबर १९९३, गाव टेक्सासमधलं मेस्कीट, आणि इथं तुमच्याकडे अजून कुणी काही मागणार नाहीये. समोर काळ्या काचांची चौकोनी इमारत आहे. वर जा. दार उघडताच शिळ्या पिझ्झाचा आणि न झोपलेल्या माणसांचा वास एकदमच नाकात शिरतो. ही आयडी सॉफ्टवेअरची कचेरी. इथल्या पोरांचे शेवटचे तीसेक तास गेम तपासण्यात गेलेत.

संगणकासमोर जे विल्बर बसलाय. कंपनीचा व्यवहार बघणारा माणूस. त्याला एक फाइल विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचीय, म्हणजे तिथून ती कुणालाही फुकट उतरवून घेता येईल. तुम्ही त्याच्या खांद्यावरून बघता. फाइल काही चढत नाही. सर्व्हरवर एका वेळी जेवढ्यांना आत घेतात, तेवढे लोक आधीच आत येऊन बसलेत, ‘डूम’ची वाट बघत. ज्यानं गेम आणलाय त्यालाच आत जागा नाही! फोनाफोनी होते, मर्यादा वाढवली जाते, फाइल एकदाची चढते. अर्ध्या तासात दहा हजार जण एकदम तुटून पडतात आणि विद्यापीठाचं नेटवर्क आडवं होतं.

आता त्या फाइलीत काय आहे ते बघा. दोन फ्लॉप्यांवर मावेल एवढा ऐवज. गेमचे एकूण भाग तीन, त्यातला पहिला पूर्णच्या पूर्ण इथं आहे: आठ पातळ्या आणि वर एक लपवलेली नववी. उरलेले दोन भाग हवे असतील तर चाळीस डॉलर पाठवा, नको असतील तर पाठवू नका. ही फाइल मित्राला द्या, शेजाऱ्याला द्या. दुकानदारानं तिच्या फ्लॉप्या करून विकल्या आणि सगळा गल्ला स्वतःकडे ठेवला तरी आयडीची हरकत नाही.

ही दानशूरता नव्हे. टेक्सासच्याच स्कॉट मिलरनं हे गणित १९८७ साली ‘क्रोझ’ नावाच्या गेमवर मांडून पाहिलं होतं. त्याआधीची शेअरवेअरची रीत अशी की अख्खा प्रोग्रॅम देऊन टाकायचा आणि आवडला तर पैसे पाठवा म्हणून विनवायचं. लोक वापरायचे आणि विसरायचे. मिलरनं गेमचे तुकडे केले, पहिला फुकट वाटला आणि पुढचे विकायला ठेवले. पैसे यायला लागले.

चला, आता एखाद्या अमेरिकन कॉलेजच्या वसतिगृहात उतरू. खोलीत ४८६ संगणक आहे, मोडेमवर अर्ध्या तासाच्या आसपास खरखर ऐकत बसलात की फाइल तुमची. दिवे मालवता. पहिलं दार सरकतं. रात्र कशी गेली ते कळत नाही, आणि पहाटे तुम्ही आठव्या पातळीच्या टोकाला पोचता. दोन अजस्र राक्षस मारता. भिंती खाली बसतात, समोर बाहेर पडायची वाट दिसते, तुम्ही तिच्यावर पाय ठेवता आणि थेट एका काळोख्या खोलीत जाऊन पडता. तिथं तुम्हाला फाडून खातात. फुकट भाग संपला. पडद्यावर मजकूर येतो, आणि त्याचं तात्पर्य एवढंच की पुढचं विकत घ्या.

खेळाडूला मारून टाकून मग पैसे मागणारा दुसरा विक्रेता माझ्या तरी माहितीत नाही. पण त्या पहाटे तुमच्याकडे दोन गोष्टी पक्क्या असतात, ज्या कुठल्याही मासिकातला समीक्षक सांगू शकत नाही. एक, हा गेम तुमच्या मशीनवर धावतो. दोन, तो तुमच्या पोटाला झेपतो. डूम खेळताना पुष्कळांना गरगरायचं, काहींना ओकारी यायची. समीक्षक गेम चांगला की वाईट ते सांगेल. तुमच्या टेबलावरच्या डब्यात आणि तुमच्या डोळ्यांपुढं त्याचं काय होतं, ते डेमोशिवाय, म्हणजे असा फुकट तुकडा स्वतः खेळल्याशिवाय, कुणालाच सांगता येत नाही.

इथून दीड वर्ष पुढं आणि निम्मी पृथ्वी ओलांडून या. पुणे, १९९५चा उन्हाळा. व्हीएसएनएलची इंटरनेट सेवा १५ ऑगस्टला सुरू व्हायचीय, तेव्हा विस्कॉन्सिनचं नावही काढू नका. इथं गेम फ्लॉपीवरून येतो, आणि फ्लॉपी कुणाच्या तरी अमेरिकेतल्या मामाकडून.

तुम्ही एका कॉम्प्युटर क्लासच्या दाराशी आहात. चपला बाहेर काढा; आत एसी आहे, धूळ चालत नाही. फळ्यावर फॉक्सप्रोच्या कमांड अर्धवट पुसलेल्या. सर जेवायला घरी गेलेत, म्हणजे पाऊण तास आपला. दहावीतला एक पोरगा कंपासपेटीतून दोन फ्लॉप्या काढतो. पहिली नीट वाचली जाते. दुसरी अर्ध्यात कुरकुरते आणि डॉस तेच जुनं विचारतं: अबॉर्ट, रिट्राय, फेल? पोरगा फ्लॉपी काढून फुंकर मारतो, पुन्हा घालतो. चढते.

“दादा, तुम्ही खेळणार का आधी?” तो तुम्हाला विचारतो. बसा.

मशीन ३८६ आहे, रॅम चार एमबी, म्हणजे डूमला लागते तेवढीच, वर काही नाही. पहिलं दार उघडतं खरं, पण चालताना पाय चिखलात रुतल्यागत होतं. साउंड कार्ड नाही, त्यामुळे राक्षसांच्या डरकाळ्यांऐवजी डब्यातून पीं-पीं येतंय. पोरगा शांतपणे पुढं झुकतो आणि वजाबाकीचं बटण दाबत सुटतो. दर वेळी चित्र आक्रसतं, कड रुंद होते. शेवटी खिडकी पोस्टाच्या तिकिटाएवढी होते आणि गेम पळायला लागतो. “आता खेळा,” तो म्हणतो. त्यानं समीक्षा वाचलेली नाही. स्वतःच्या मशीनवर बसून त्यानं हे शोधून काढलंय.

पैशांचं विचाराल तर चाळीस डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेबाराशे रुपये, आणि ते टेक्सासला पाठवायचे कसे हे त्या क्लासात कुणालाच ठाऊक नाही. डॉलरमधलं क्रेडिट कार्ड कुणाच्या बापाकडेही नाही. उरलेले दोन भाग पुण्यात यथावकाश येतातच, तसेच, कंपासपेटीतून. आपल्याकडच्या पिढीला डेमोचं प्रेम आहे ते असं थोडं नामानिराळं आहे. चाखून झाल्यावर पैसे द्यायची वेळच आमच्यावर आली नाही. पुढं चिप, डिजिट या मासिकांबरोबर सीडी यायला लागल्या, त्यातले डेमो मात्र राजरोस होते, आणि पुष्कळ घरांत तोच अख्खा गेम समजून वर्षभर खेळला गेला.

२००१ला फार वेळ थांबायचं नाही, पण बघून जाऊ. मार्च महिना, अमेरिकेतलं दुकान. तुमच्या पुढचा माणूस ‘झोन ऑफ दि एंडर्स’ नावाचा यंत्रमानवांचा गेम विकत घेतोय. त्याला यंत्रमानवांशी काही देणंघेणं नाही. डबीत दुसरी तबकडी आहे, तीवर ‘मेटल गिअर सॉलिड २’चा डेमो, आणि तो माणूस अख्ख्या गेमची पूर्ण किंमत मोजतोय ती त्या डेमोसाठी. त्याच्यासोबत घरी जा. पाऊस कोसळतोय, जहाजाच्या डेकवर डेमोचा नायक स्नेक उतरतो. आतल्या खोलीत बाटल्या गोळ्यांनी फुटतात, बर्फाची बादली कलंडली की खडे जमिनीवर पडून हळूहळू वितळतात. तो माणूस शत्रू-बित्रू विसरून पंधरा मिनिटं बर्फच बघत बसतो.

नोव्हेंबरात पूर्ण गेम येतो. जहाजाचं प्रकरण संपतं आणि स्नेक बाजूला होऊन रायडन नावाचा भलताच पोरगा नायक म्हणून पुढं येतो. डेमोत त्याचा मागमूस नव्हता. गेमचा दिग्दर्शक हिदेओ कोजिमानं जगाला गंडवलं म्हणून तेव्हा पुष्कळ बोंबाबोंब झाली. म्हणजे डेमोही खोटं बोलू शकतो. कुठला तुकडा दाखवायचा ते शेवटी बनवणाराच ठरवतो. पण मला विचाराल तर ही लबाडी माफ आहे. बटणं हाताला कशी लागतात, बंदूक कशी रोखली जाते, मशीनला किती झेपतं, त्याबद्दल डेमोनं शब्द फिरवला नव्हता. कथेबद्दल फिरवला. कथा आधी कळावी अशी अपेक्षा कुणी धरावी तरी का?

आता लास व्हेगास, फेब्रुवारी २०१३. गेम उद्योगाच्या डाइस परिषदेत कार्नेगी मेलन विद्यापीठाचे जेसी शेल बोलतायत. (डूम आला तेव्हा याच विद्यापीठानं विद्यार्थ्यांना, कृपया नेटवर्कवर हा खेळू नका, अशी सूचना लावली होती.) पडद्यावर आलेख आहे, एक्सबॉक्स ३६० वरच्या गेमच्या विक्रीचा. सगळ्यांत वरची रेघ कुणाची? ज्यांनी ट्रेलर दाखवला आणि डेमो दिला नाही, त्यांची. ट्रेलर आणि डेमो दोन्ही देणाऱ्यांची रेघ जवळपास निम्म्यावर. सभागृहात हशा पिकतो. शेल यांचं म्हणणं असं की ट्रेलर पाहून इच्छा जागी होते, डेमो खेळून ती भागते, आणि मग विकत घ्यायला कारण उरत नाही.

आलेख मला पूर्ण पटत नाही. जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या कंपन्यांना मुळात डेमोची गरज वाटत नसेल, तर त्यांची विक्री डेमो नसल्यामुळे वाढली असं कसं म्हणणार? पण सभागृहातल्या हिशेबनिसांना तेवढी चिकित्सा नको होती. डेमो म्हणजे वेगळा तुकडा कापा, वेगळा तपासा, कन्सोलवाल्यांकडून वेगळा मंजूर करून घ्या, आणि हे सगळं माणसं आधीच मेटाकुटीला आली असताना. एवढं करून विक्री घटणार असेल तर कशाला? त्याआधीही डेमो कमी होत चालले होते, आता त्याला कारण मिळालं.

डेमो नाही तर उरते ती न खेळताच केलेली आगाऊ नोंदणी. तिला एकेकाळी अर्थ होता. दुकानात वीसच खोकी यायची. आपलं एक राखून ठेवायला अनामत दिली तर त्यात चूक काय? डाउनलोड संपत नाही. तरी नोंदणीचं बटण राहिलं, आणि त्याला लटकवायला जादा जाकिटं, बंदुका, चित्रांची पुस्तकं आली.

ऑगस्ट २०१८. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं ‘सायबरपंक २०७७’ची ४८ मिनिटांची चित्रफीत सगळ्यांसाठी खुली केलीय. पत्रकारांना ती जूनमध्येच बंद दाराआड दाखवली होती. तुम्ही बघता, भारावता, पुन्हा बघता. दोन्ही हात मांडीवरच आहेत हे लक्षात येत नाही. जून २०१९मध्ये लॉस एंजेलिसच्या मंचावर खुद्द कीआनू रीव्ह्ज येऊन तारीख सांगतो: १६ एप्रिल २०२०. मग १७ सप्टेंबर. मग १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम तयार झाला म्हणून कंपनी जाहीर करते आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा पुढं ढकलते. शेवटची तारीख ठरते ती १० डिसेंबर २०२०. डूमला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षं होतात.

डेमो? नाही. आगाऊ नोंदणी? ऐंशी लाख प्रती, त्यातली एक तुमची. समीक्षकांना आधी मिळाल्या त्या फक्त पीसीच्या प्रती, आणि लेखांसोबत चित्रफीत दाखवायची तर कंपनीनं दिलेलीच दाखवायची अट. पीसीवरच्या समीक्षा कौतुकानं ओथंबलेल्या आहेत. तुमच्याकडे सोनीचा प्लेस्टेशन ४, म्हणजे पीएस४ आहे, २०१३ सालच्या बनावटीचा.

मध्यरात्री गेम उघडतो. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये सगळे झोपलेत, कोविडचं वर्ष आहे, उद्याही घरीच बसायचंय. मशीनचा पंखा घरघरायला लागतो. गेममधल्या नाइट सिटीचा रस्ता समोर येतो, पण दुकानांच्या पाट्या मातीच्या गोळ्यांसारख्या धूसर असतात आणि बघता बघता स्पष्ट होतात. माणूस आधी येतो, त्याचं तोंड मागून. गाडी जोरात घेतली की चित्र अडखळतं. सेकंदाला तीस चौकटी हव्यात, त्या विसाच्याही खाली घसरतात. मग सगळंच थांबतं आणि निळ्या पडद्यावर एक क्रमांक उमटतो: सीई-३४८७८-०. पुन्हा सुरू करता. पुन्हा तोच.

तुमच्या त्या पुण्याच्या पोरानं काय केलं असतं? वजाबाकीचं बटण शोधलं असतं. इथं ते नाही.

पीसीवाल्या मित्राला फोन लावा. त्याचं बरं चाललंय, आणि नसतं चाललं तरी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात जून २०१५पासून सोय आहे: चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. नाव काही असो, तो दोन तासांचा डेमोच. प्लेस्टेशनच्या दुकानात डाउनलोड सुरू केलंत की परतीचा हक्क संपतो. गेम सदोष असल्याचं त्यांनी मान्य केलं तरच पुढं बोलणी. १४ डिसेंबरला सीडी प्रोजेक्ट माफी मागते. जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो ते आधी दाखवलं नाही, हे त्या माफीतच लिहिलंय. १८ तारखेला सोनी सायबरपंक दुकानातून काढून टाकते आणि पैसे परत द्यायला सुरुवात करते. गेम परत येतो २१ जून २०२१ला, साध्या पीएस४ वर अडचणी येऊ शकतात अशा इशाऱ्यासकट.

शेवटचा मुक्काम १५ फेब्रुवारी २०२२. मोठी दुरुस्ती आलीय, आवृत्ती १.५, आणि तिच्यासोबत महिनाभरासाठी खुली केलेली चाचणी. पाच तास फुकट खेळा, आवडलं तर विकत घ्या, खेळलेलं पुढं तसंच चालू राहील. मिलरनं १९८७ साली केलं तेच, गेम विकायला काढल्यावर चौदा महिन्यांनी. तुम्ही उत्साहानं पीएस४ सुरू करता, दुकान उघडता, चाचणीचं बटण शोधता. सापडत नाही. ती चाचणी फक्त पीएस५ आणि नव्या एक्सबॉक्ससाठी आहे, म्हणजे जिथं गेम चालेल की नाही याची कुणाला फारशी शंका नव्हती तिथं.