मे महिन्यातील गेमिंग लॅपटॉप: ग्राफिक्स चिप का तापते आणि काय करावे

लॅपटॉप तयार करणाऱ्या अनेक कंपन्या आपल्या यंत्राच्या वापरासाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस एवढे भोवतालचे तापमान योग्य मानतात. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींत मात्र मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा काढून या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्याच्या बागांचा, कापसाचा आणि मराठी भाषेचा हा पट्टा हवामानाच्या दृष्टीने विदर्भाशीच जोडलेला आहे. शेजारच्या नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले होते. म्हणजेच येथे गेमिंग लॅपटॉप वर्षातील कित्येक आठवडे निर्मात्याने गृहीत धरलेल्या मर्यादेबाहेर चालतो.

हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. त्रिमितीय आराखडे, चित्रफितींचे संपादन, ॲनिमेशन यांसाठीही विद्यार्थी व व्यावसायिक हेच लॅपटॉप घेतात. अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप बहुधा मदरबोर्डवरच डाखलेली असते. डेस्कटॉपप्रमाणे जुने कार्ड काढून नवे बसवता येत नाही. चिप गेली की बहुतेक वेळा संपूर्ण मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि वॉरंटी संपली असल्यास तो खर्च यंत्राच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाएवढा होतो.

उष्णतेचा हिशेब

पंखा हवा थंड करत नाही. तो खोलीतील हवा धातूच्या पातळ पात्यांमधून ढकलतो आणि ती हवा चिपची उष्णता घेऊन बाहेर पडते. त्यामुळे चिप कधीही खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. किती उष्णता बाहेर पडेल, हे चिप आणि खोली यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते.

अनेक एनव्हिडिया लॅपटॉप चिपमध्ये सुमारे ८७ अंशांची मर्यादा ठेवलेली असते. तेथे पोचल्यावर चिप स्वतःचा वेग घटवते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. खोली २५ अंशांची असेल तर या मर्यादेपर्यंत ६२ अंशांचा वाव मिळतो, ४० अंशांच्या खोलीत ४७ अंशच उरतात. पहिल्या खोलीत जी यंत्रणा १०० वॅट उष्णता बाहेर टाकते, ती दुसऱ्या खोलीत त्याच पंख्यांनिशी सुमारे ७६ वॅटच टाकू शकेल. यंत्रात कोणताही बिघाड नसताना दुपारी खेळ अडखळतो तो याच कारणाने.

चिपचे नाव सारखे असले तरी उष्णता सारखी नसते. आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप चिपची वीजमर्यादा निर्मात्याच्या रचनेनुसार ३५ ते ११५ वॅटपर्यंत असते. खरेदी करताना चिपच्या नावाबरोबर हा वॅटचा आकडाही विचारावा.

आधी मोजणी, मग उपाय

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात ग्राफिक्स चिपचे तापमान दिसते. अधिक तपशिलासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा एमएसआय आफ्टरबर्नर ही विनामूल्य साधने आहेत. मात्र नुसता चिपचा आकडा पुरेसा नाही. त्यातून खोलीचे तापमान वजा करून उरणारा फरकच यंत्राची खरी अवस्था सांगतो.

त्यासाठी पंखे एकाच ठरावीक मोडवर ठेवावेत, खेळाला ६० फ्रेमची मर्यादा घालावी आणि एकच दृश्य वीस मिनिटे चालू ठेवावे. ही चाचणी एकदा पहाटे व एकदा दुपारी करावी. दोन्ही वेळी फरक साधारण सारखा आला तर दोष हवामानाचा आहे आणि यंत्र उघडण्याचे कारण नाही. यंत्र नवे असताना नोंदवलेल्या फरकापेक्षा आजचा फरक दहा-पंधरा अंशांनी वाढलेला असेल, तर धूळ साचली आहे किंवा थर्मल पेस्ट सुकली आहे. चाचणीत चिप मर्यादेलाच टेकत असेल, तर वॅटचा आकडा पाहावा. त्याच खोलीत, त्याच तापमानाला पूर्वीपेक्षा कमी वॅट दिसत असतील, तर शीतन यंत्रणा दुबळी झाली आहे. नवा लॅपटॉप घरी येताच ही नोंद वहीत करून ठेवणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

धूळ आणि कापसाचे तंतू

कापसाच्या पट्ट्यात कोरड्या मातीच्या धुळीबरोबर कापसाचे बारीक तंतूही हवेत असतात. हे तंतू पंखा आणि पाती यांच्यामध्ये अडकतात व त्यांवर धूळ बसून नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र वाट बंद झालेली असते. पंख्याचा आवाज वाढलेला, पण बाहेर येणारा झोत मंद, हे त्याचे ठळक लक्षण होय.

वेचणीचा हंगाम सरल्यावर एकदा आणि उन्हाळा सुरू होण्यापूर्वी एकदा, अशी वर्षातून दोनदा सफाई करावी. यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा. मागचे झाकण उघडल्यावर शक्य असल्यास बॅटरीची जोडणी सोडवावी. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने अडवून धरावीत, अन्यथा पंखा मर्यादेबाहेर वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडू शकते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाजवळ नेऊ नये, कारण स्थिर विजेने भाग निकामी होण्याचा धोका असतो. झाकण उघडल्याने वॉरंटी बाधित होते का, हे आधी तपासावे.

उष्णता निर्माणच कमी करणे

कडक उन्हाळ्यात सर्वांत परिणामकारक उपाय पंख्यात नसून सेटिंगमध्ये आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग व व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी कमी केले, तर हा खर्च सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. ४० अंशांच्या खोलीने हिरावलेले २४ टक्के एवढ्यानेच भरून निघतात, आणि खेळाच्या वेगातील घट दहा टक्क्यांच्या आसपास राहते. व्होल्टेज उतरवण्याच्या या पद्धतीला अंडरव्होल्टिंग म्हणतात. आफ्टरबर्नरमध्ये ते पायरीपायरीने करावे आणि खेळ बंद पडू लागल्यास एक पायरी मागे यावे.

ज्यांना इतक्या खोलात जायचे नाही, त्यांनी दोन सोपे बदल करावेत. पहिला, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील मॅक्स फ्रेम रेट ६० किंवा ७५ वर ठेवावा. १४४ हर्ट्झचा पडदा आहे म्हणून दर वेळी १४४ फ्रेम काढण्याची गरज नसते. दुसरा, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करावी. त्याने बहुतेक यंत्रांत प्रोसेसरचा टर्बो वेग बंद होतो. अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांच्या उष्णतानलिका सामायिक असतात. त्यामुळे प्रोसेसर थंड राहिला की ग्राफिक्स चिपलाही वाव मिळतो.

खोली, कूलर आणि ओलावा

कोरड्या मे महिन्यात पाण्याचा कूलर खोलीचे तापमान दहा अंशांहून अधिक उतरवू शकतो. वरील हिशेबानुसार हा लाभ कोणत्याही कूलिंग पॅडपेक्षा मोठा आहे. मात्र लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. पाण्याचे सूक्ष्म थेंब आत गेल्यास त्यांतील क्षार बोर्डावर साठतात. खिडकी किंचित उघडी असावी, नाहीतर खोलीत दमटपणा साचून कूलर निरुपयोगी होतो. पावसाळ्यात हवेतच ओलावा असल्याने कूलरचा हा लाभ जवळजवळ संपतो.

गोव्याच्या किनाऱ्यावर प्रश्नाचे रूप वेगळे आहे. तेथे पारा क्वचितच इतका चढतो, परंतु खारट, दमट हवेने पोर्ट व जोडण्या गंजतात. तेथील वापरकर्त्याने पाण्याच्या कूलरवर विसंबू नये. पावसाळ्यात लॅपटॉप नियमित चालू ठेवणे आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे तेथे अधिक हिताचे.

दोन्ही ठिकाणी एक नियम समान आहे. लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा सतरंजीवर ठेवू नये, कारण हवा घेण्याची छिद्रे तळाशी असतात. मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचलली तरी फरक जाणवतो.

थर्मल पेस्ट

चिप आणि तांब्याच्या पट्टीमधील पेस्ट तापण्या-निवण्याच्या चक्रांत हळूहळू कडेला सरकते व सुकते. सफाईनंतरही फरक कमी झाला नाही, तरच ती बदलावी. स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्याने, समान दाबाने आवळावेत. मेमरीवरील मऊ पट्ट्या फाटल्यास त्याच जाडीच्या लावाव्यात, कारण जाडी चुकली तर चिपवरचा दाब कमी होतो. द्रव धातू विजेचा वाहक असून ॲल्युमिनियमला पोखरतो. त्यामुळे तो घरी वापरू नये.

२००८ चा धडा

तापणे-निवणे चिपला कसे मारते, याचे मोठे उदाहरण जुलै २००८ मध्ये समोर आले. लॅपटॉपमधील काही ग्राफिक्स चिपच्या जडणघडणीतील साहित्य कमकुवत ठरल्याचे एनव्हिडियाने जाहीर केले आणि दुरुस्ती-वॉरंटीच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर वेगळे काढले. वारंवार तापून निवताना चिपखालचे डाखाचे सूक्ष्म बिंदू तडकत होते. लॅपटॉप दिवसातून अनेकदा चालू-बंद होत असल्याने तेथे ही चक्रे अधिक होती. ॲपलने त्याच वर्षी अशा चिपचे मॅकबुक प्रो विनामूल्य दुरुस्त करण्याचे जाहीर केले.

तेव्हापासून बोर्ड भट्टीत किंवा हीट गनने तापवून चिप 'जिवंत' करण्याचा उपाय रूढ झाला. तुटलेले सांधे त्याने काही काळ पुन्हा टेकतात, परंतु जुळत नाहीत. असा लॅपटॉप काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा बंद पडण्याची शक्यता मोठी असते. हा उपाय सुचवणाऱ्याकडून लेखी हमी मागावी.

केव्हा थांबावे

पडद्यावर रंगीत चौकोन किंवा रेषा उमटणे, खेळ सुरू होताच यंत्र अचानक बंद होणे, पंखा खरखरणे ही लक्षणे दिसताच खेळ थांबवून माहितीची प्रत दुसरीकडे घ्यावी. टचपॅड वर उचललेला किंवा तळाचे झाकण फुगलेले दिसल्यास बॅटरी फुगली आहे, असे समजावे. तो लॅपटॉप चार्ज करू नये, बॅटरी दाबू वा टोचू नये आणि ती जाणकाराकडूनच काढून घ्यावी. सतत चार्जरवर खेळणाऱ्यांनी चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवल्यास उन्हाळ्यात बॅटरीवरील ताण कमी होतो.

दुरुस्तीला जाताना खोलीचे तापमान, चिपचे तापमान आणि वॅट यांची नोंद सोबत न्यावी. केवळ 'लॅपटॉप तापतो' एवढे सांगितल्यास कारागिराला अंदाजाने काम करावे लागते. हे तीन आकडे समोर असतील तर सफाई पुरेल की पेस्ट बदलावी लागेल, याचा निर्णय लवकर होतो आणि अनावश्यक खर्च टळतो.