भिल्लांचा कामठा

सुरतेच्या पेढ्यांवर लाखांच्या हुंड्या वटत असता, तिच्या पूर्वेस डांगच्या अरण्यात शिकारीस प्रथमच निघालेल्या भिल्ल पोराला मात्र सावकाराचे दार ठोठावावे लागत नसे. कारण कामठा बांबूचा, त्याची प्रत्यंचाही बहुधा बांबूच्याच चिवट सालीची, बाण बोरूचा, आणि रोकड खर्च काय तो लोहाराने घडविलेल्या पात्याचा. पक्ष्यांसाठी तर बोथट लाकडी अग्रही पुरे, आणि नवशिक्याने तेथूनच आरंभ करावा हे मला सर्वथा उचित वाटते. पुढे १८४२ साली इंग्रज सरकारने डांगच्या राजांकडून सागवानी जंगलाचा पट्टा घेतला, जंगलखात्याचा अंमल बसला आणि रानाची वहिवाट आक्रसत गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध घातले.