सरळ हात आणि ताठ हात: गोल्फच्या एका नियमाची गोष्ट

आजचा भाग एका कोपराबद्दल आहे. हो, हाताच्या कोपराबद्दल. आणि गोल्फमध्ये कधीही रस नसला तरी ऐका, कारण गोष्ट गोल्फची असली तरी मुद्दा गोल्फपुरता नाही.

गोल्फ शिकायला गेलात तर पहिल्याच दिवशी एक वाक्य कानावर पडतं: डावा हात सरळ ठेवा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने क्लब मागे वर नेला की डाव्या कोपरात वाक नको. कारण साधं आहे. खांदा हे वर्तुळाचं केंद्र आणि हात ही त्रिज्या. त्रिज्या मध्येच लहान-मोठी झाली तर क्लब बॉलच्या वरून जाईल, नाहीतर जमिनीत घुसेल. ऐकायला एकदम पटतं. मग नवशिका काय करतो? हात काठीसारखा ताठ करतो, मूठ आवळतो, खांदे कानापर्यंत चढवतो आणि बॉल जागच्या जागी राहतो.

आता जरा मागे जाऊ. हॅरी वॉर्डन, जर्सी बेटावरचा खेळाडू. 1896 ते 1914 या काळात त्याने ब्रिटिश ओपन 6 वेळा जिंकली. हा विक्रम आजही मोडलेला नाही. क्लब धरायची जी पकड आज जगभर शिकवतात, तिला त्याचंच नाव आहे. आणि या माणसाचे जुने फोटो बघा: क्लब वर गेला की डावा कोपर चक्क वाकलेला!

त्याच्या हातात होता हिकरीच्या लाकडाचा दांडा. हे लाकूड नुसतं वाकत नाही, त्याला पीळही बसतो. हिसका दिला की क्लबचं तोंड भलतीकडे फिरतं. त्यामुळे त्या काळचा स्विंग लयीत आणि सैल हातांचा होता. मग आला स्टीलचा दांडा. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तो 1924 मध्ये मान्य केला, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधल्या नियम ठरवणाऱ्या क्लबने 1929 मध्ये. स्टीलला पीळ कमी, त्यामुळे जोर लावला तरी चालतं. स्विंग आटोपशीर झाला आणि सरळ हाताला भाव आला. या नव्या स्विंगचा मोठा शिलेदार म्हणजे बायरन नेल्सन. 1945 मध्ये त्याने लागोपाठ 11 स्पर्धा जिंकल्या.

1957 मध्ये बेन होगनचं ‘फाइव्ह लेसन्स’ आलं. त्यातल्या चित्रांत दोन्ही हात जणू दोरीने एकत्र बांधल्यासारखे दाखवलेत. पिढ्यान् पिढ्या लोक हे पुस्तक समोर ठेवून शिकले. पुढे 1960 च्या दशकात क्लब तपासण्यासाठी एक यंत्र बनलं, नेल्सनच्या स्विंगवर बेतलेलं. नाव ‘आयर्न बायरन’. त्याला एक खांदा, एक हात आणि एक मनगट. कोपर नाहीच! इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन आवडतं. जितके सांधे कमी, तितकी गडबड कमी. पण माणसाला कोपर आहे, आणि काहींचा कोपर वेगळा आहे.

एड फर्गोल. लहानपणी खेळताना पडला, डावा कोपर मोडला. हात कायमचा वाकडा आणि बारीक राहिला. 1954 ची यूएस ओपन त्याने जिंकली, एका फटक्याने. शेवटच्या होलवर बॉल झाडांत गेला, तर पठ्ठ्याने शेजारच्या दुसऱ्या कोर्सच्या मैदानातून वाट काढली.

दुसरा कॅल्विन पीट. कृष्णवर्णीय, मोठ्या गरीब कुटुंबातला, शेतमजुरांना गाडीवरून माल विकणारा. हाही लहानपणी झाडावरून पडला, डावा कोपर पुन्हा कधीच पूर्ण सरळ झाला नाही. गोल्फ हातात घेतला तो विशी उलटल्यावर. आणि 1981 ते 1990, सलग 10 वर्षं, पहिला फटका फेअरवेवर ठेवण्यात तो अमेरिकेच्या पीजीए टूरवर पहिला होता. म्हणजे सरळ मारण्यात जगात नंबर एक, आणि हात वाकडा! टूरवर 12 विजय. 1984 मध्ये सर्वांत कमी सरासरीसाठी मिळणारी ट्रॉफीही त्याचीच. तिचं नाव? वॉर्डन ट्रॉफी.

मग त्रिज्येचं गणित चुकलं का? नाही. गणिताला त्रिज्या कायम हवी, सरळ नको. माझ्या मते फर्गोल आणि पीट यांच्या कोपराचा वाक ठरलेला होता, म्हणून त्रिज्या बदलतच नव्हती. आणि वॉर्डन? त्याचं उत्तर गोफणीत आहे. पाखरं हाकलताना गोफण कोणी ताठ धरत नाही. ती फिरवली की दोर आपोआप ताणला जातो. गोल्फ क्लबचं डोकं साधारण 200 ग्रॅमचं. चांगला खेळाडू ते ताशी 160 किलोमीटरने फिरवतो. हिशेब केला तर हातावर बाहेरच्या दिशेने पंचवीस किलोंच्या आसपास ओढ येते. सैल हात त्या ओढीनेच सरळ होतो.

1968 मध्ये ब्रिटनमधल्या कॉक्रन आणि स्टॉब्ज यांनी पुस्तकात हेच मांडलं: स्विंग म्हणजे एकाला एक जोडलेले दोन लंबक. पहिला हात, दुसरा क्लब, मधला सांधा मनगट. तो सांधा मोकळा असेल तरच वेग हातातून क्लबमध्ये उतरतो. मूठ आवळली की मनगट अडलं, वेग तिथेच मेला.

अर्नेस्ट जोन्सला हे त्याआधीच कळलं होतं. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, फ्रान्समध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तरी एका पायावर उभा राहून तो उत्तम खेळला. मग अमेरिकेत जाऊन तो शिकवायचा कसं? रुमालाच्या टोकाला चाकू बांधायचा आणि फिरवून दाखवायचा. रुमाल ढकलता येत नाही, फक्त झुलवता येतो. बस्स, हाच धडा.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत: सरळ आणि ताठ. सगळा घोळ या दोघांत आहे. चांगल्या खेळाडूचा हात सरळ दिसतो, कारण स्विंग नीट झालेला असतो. आपण फोटो बघतो, परिणामाला कारण समजतो आणि त्याचा नियम करतो. ज्याचं शरीर त्या फोटोत बसत नाही, त्याला सांगतो, तुला जमणार नाही. फर्गोल आणि पीट यांनी हे ऐकून घेतलं असतं, तर यूएस ओपनच्या यादीत एक नाव आणि टूरच्या नोंदींत 12 विजय कमी असते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुम्हाला असा नियम सांगितला, मग तो पोहण्याचा असो, तबल्याचा असो की क्रिकेटचा, तर एकच विचारा: हे कशासाठी? उत्तर मिळालं तर आपापल्या हाताने तिथपर्यंत पोचायचा रस्ता सापडतो.

चला, पुढच्या भागात भेटू. तोवर खांदे जरा खाली घ्या, मूठ सैल सोडा.