पाचवीपासून इंग्रजी

‘आपल्या काळातल्या इंग्रजीचा इतिहास तू लिही,’ असे स्मरणिकेच्या मंडळींनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. सहामाहीला काठावर पास होणाऱ्याला हा विषय! पण या इतिहासाचा एक कागद आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत आहे, म्हणून लिहितो.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढून आठवीपासून ठेवले. मूल आधी मातृभाषेत पक्के व्हावे, हा हेतू चांगलाच होता. पण सातवीची फायनल देऊन शाळा सोडणाऱ्यांच्या वाट्याला इंग्रजीचे एक अक्षरही आले नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांपैकीच. आपली 1982 ची दहावीची बॅच मात्र पाचवीपासून इंग्रजी शिकली. चाररेघी वही, उलटे पडणारे ‘बी’ आणि ‘डी’, आणि सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलेले धडे. अर्थाशी आपले फारसे देणेघेणे नव्हते.

आठवीत असताना अण्णांना विम्याच्या कचेरीतून इंग्रजी पत्र आले. त्यांनी ते मोठ्या विश्वासाने माझ्यासमोर ठेवले. मी ते खणखणीत वाचून दाखवले. ‘पॉलिसी’, ‘प्रीमियम’, ‘इंटरेस्ट’ हे शब्द कळले, ‘लॅप्स्ड’ कळला नाही. तसे सांगायची लाज वाटली. ‘हप्ता उशिरा भरला तर व्याज लागेल,’ असा अर्थ मी ठोकून दिला. सुगीनंतर अण्णा तालुक्याला पैसे घेऊन गेले, तेव्हा पत्रातली मुदत उलटून गेली होती. घरी आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि जेवायला बसले. मला एक शब्द बोलले नाहीत. मारले असते तर बरे झाले असते.

नववीत इंग्रजीच्या बाईंना मी हे सांगितले. त्यांनी ते पत्र आणायला लावले, वीरकरांची डिक्शनरी पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, “एकेक शब्द बघ. मग अण्णांना कळेल अशा मराठीत लिही.” सात ओळींच्या पत्राला माझे दोन तास गेले. पुढे त्यांनी वर्गातल्या सगळ्यांनाच घरातले इंग्रजी कागद आणायला सांगितले : औषधाची वेष्टने, खताच्या पिशवीवरचा मजकूर, लाइटबिल. तर्खडकरांची पाठमाला होतीच, पण खरी पाठमाला ही.

या उलथापालथीत माझी मराठीही सुधारली, हे नवल. मराठीत भूक मला ‘लागते’, इंग्रजीत मीच भुकेला ‘असतो’. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत धीर धरावा लागतो. इंग्रजीचा धक्का बसेपर्यंत हे मला दिसलेच नव्हते. कॉलेजात असताना गावातल्या लोकांचे अर्ज मी दोन्ही भाषांत लिहून देऊ लागलो. शब्द अडला की, “थांबा, बघून सांगतो,” असे म्हणायची सवय लागली.

2000 पासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी आले. आमची पुतणी अण्णांसमोर इंग्रजी कविता घडाघडा म्हणायची. अण्णा कौतुकाने ऐकायचे आणि हळूच विचारायचे, “याचा अर्थ काय गं?”

ते पत्र परवा पुन्हा काढले. ‘लॅप्स्ड’खाली पेन्सिलीची रेघ आहे आणि शेजारी माझ्या नववीतल्या अक्षरात लिहिले आहे : बंद पडलेली.