तळटीप : एकच सक्ती, तीन कायदे

लेखक येथे जर्मनी, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्स या तिन्ही देशांत आरोग्यविमा सक्तीचा असल्याचे एका वाक्यात सांगून पुढे जातात. ते खरे आहे. पण सक्ती कोणावर, हे सांगायचे राहून गेले आहे. चॅन्सेलर बिस्मार्कच्या 1883 च्या कायद्यापासून जर्मनीत सभासदत्व नोकरीला जोडलेले आहे. पगारातून वर्गणी कापली जाते, मालकही वाटा भरतो आणि न कमावणारा जोडीदार व मुले त्याच वर्गणीत सामावतात. ठरावीक उत्पन्नमर्यादेपुढच्या नोकरदाराला मात्र सार्वजनिक निधी सोडून खासगी विमा घेता येतो. (सधनांना दिलेली ही पळवाट जर्मनीत आजही वादाचा विषय आहे, आणि तो वाद रास्तच म्हणावा लागेल.) विमा प्रत्येकालाच हवा, असा सर्वसाधारण नियम तेथे 2009 मध्ये आला.

स्वित्झर्लंडमध्ये 1996 पासून सक्ती रहिवासावर आहे. वास्तव्य सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत प्रत्येकाने स्वतंत्र विमा घ्यायचा, तान्ह्या मुलाचाही. हप्ता उत्पन्नावर ठरत नाही. गरिबांना कँटनकडून (म्हणजे प्रांतिक शासनाकडून) अनुदान मिळते. 2006 चा डच कायदा याच वळणाचा, फक्त अठरा वर्षांखालील मुलांना हप्ता नाही.

रहिवासाच्या स्विस नियमाला सीमेवर मात्र अपवाद आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये नोकरी आणि सीमेपलीकडे जर्मनीत घर असलेल्यांना सामान्यतः स्विस विमा लागू होतो. तीन महिन्यांच्या आत अर्ज केल्यास त्यांना जर्मनीतला विमा निवडता येतो.