अंधारातली पावले

कोरेगावच्या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या आदल्या रात्रीची चाल मात्र दोन ओळींत आटोपली जाते. दुसरा बाजीराव पुण्यावर चालून येईल ह्या धास्तीने कर्नल बरने शिरूरच्या छावणीतून कुमक मागविली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास कप्तान स्टॉन्टन सुमारे ५०० शिपाई, ३०० च्या आसपास स्वार आणि दोन तोफा घेऊन निघाला. मार्गशीर्षातला वद्य पक्ष. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवायचा. तोवर खडे, खाचखळगे आणि गाड्यांच्या चाकोऱ्या पायांनीच ओळखावयाच्या. सकाळी दहाच्या सुमारास ते भीमेकाठी पोहोचले, आणि तसेच उपाशीतापाशी दिवसभर लढले.

अंधारात पाय किंचित मुरडला, की मनाला कळण्याआधीच देह सावरतो. हे होते कसे, ते त्या वेळी कोणाही विद्वानाला सांगता आले नसते. १८२४ साली फ्लूरांसने कबुतरांवर प्रयोग करून कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांचा तोलाशी असलेला संबंध दाखविला. पुढे बर्लिनच्या रॉम्बर्गने पाहिले, की काही रोगी डोळे उघडे असता नीट उभे राहतात, पण मिटताच झोकांड्या खातात. कारण स्नायू व सांधे ह्यांच्याकडून येणारी खबर त्यांना पोहोचत नसते. ह्या संवेदनेला शेरिंग्टनने १९०६ मध्ये नाव दिले. डोळे, कान आणि तळवे अशा तीन साक्षीदारांच्या जबानीवर आपले पुढचे पाऊल ठरते. एक गप्प झाला, तर उरलेल्या दोघांवर भार पडतो.

हे ज्ञान नावावाचूनही आपल्या मुलखात नांदत होते. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा ह्यांनी १६८५ साली सुरू केलेली पालखी आजही दौंड तालुक्यातल्या यवत-वरवंडवरून जाते. तिच्यात डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायांना आपली पावले दिसत नाहीत. तरी वृंदावन ढळत नाही.

ह्याची किंमत कळते ती ते हरपल्यावर. मधुमेहाने तळवे बधिर झालेला वृद्ध दिवसा गावभर हिंडतो, आणि रात्री दिवा गेला की स्वतःच्या अंगणात पडतो. घरची माणसे म्हणतात, वय झाले. खरे पाहता एक साक्षीदार आधीच मुका झालेला असतो आणि अंधाराने दुसराही नेलेला असतो. कोरेगावच्या स्तंभावर शिपायांची नावे कोरलेली आहेत. ती वाचताना त्या रात्रीचे त्यांचे पायही आठवावेत.