छप्पर नसलेलं मंदिर

आज आपल्या सेलूजवळच, वर्ध्याच्या गोपुरीत जाऊया. तिथलं गीताई मंदिर १९८० मध्ये विनोबांच्या हस्ते खुलं झालं. मूर्ती नाही, छप्पर नाही. मोकळ्या आवारात उभ्या शिळा आणि त्यांवर कोरलेले गीताईचे १८ अध्याय.

विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळत नव्हती. ‘तूच मराठीत कर ना,’ असं त्यांनी मुलाला सुचवलं होतं. त्या १९१८ मध्ये गेल्या. गीताई लिहून झाली १९३१ मध्ये. जिच्यासाठी लिहिली, तिला ती वाचताच आली नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी विचारतो, युजर कोण? इथे उत्तर सरळ आहे: संस्कृत न येणारं कुणीही. शिळांच्या मांडणीत गाय आणि चरखा आहेत, पण ते वरून पाहिलं तर. खाली चालणाऱ्याला एक शिळा, दोन पावलं, मग पुढची शिळा. डोक्यावर ऊन, अंगाला वारा. वाचनाचा वेग पायच ठरवतात.

हल्ली बाग म्हटलं की आधी सेल्फी पॉइंट ठरतो. इथे मात्र ड्रोन नको. एक अध्याय मोठ्याने वाचा, शेजारच्या आजींनाही ऐकू जाईल असा.